सल्ला हवाय: दारासमोर डबल यलो येतेय, विरोध करू का?

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई नमस्कार, आम्ही दोन वर्षांपासून लंडनच्या बाहेर पश्चिमेला राहतो, लंडनला जाणाऱ्या एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनचं स्टेशन चालत सात मिनिटांवर. कोपऱ्यावरचं टेरेस्ड घर, ड्राइव्हवे नाही, गाड्या दोन. सकाळी आठच्या आत ट्रेनवाले येऊन आमच्या रोडवर गाड्या लावून जातात ते संध्याकाळी सातलाच उगवतात. आता कौन्सिलचं पत्र आलंय, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते संध्याकाळी ५ फक्त परमिटवाल्यांना पार्किंग, आणि कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना डबल यलो, म्हणजे गाडी लावायला बंदी असलेल्या दोन पिवळ्या रेघा. ती बरोब्बर आमच्या दारासमोर! मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, सासूबाईंचे गुडघे गेलेत. गणपतीला चाळीस माणसं येतात. शेजारचे आजोबा त्यांच्या घरासमोर जागा अडवायला प्लॅस्टिकचे ट्रॅफिक कोन मांडून ठेवतात, मागच्या महिन्यात नणंदेने कोन हलवून गाडी लावली तर केवढं बोलले तिला. नवरा म्हणतो कौन्सिलला फक्त पैसे काढायचेत, लिहून काही होत नाही. रोडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे 'ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट' करतायत, एकाने तयार ईमेल टाकलाय, फक्त नाव घालून पाठवायचा. पाठवू का? नऊ दिवस राहिलेत. त्यात गेल्या आठवड्यात हाय स्ट्रीटवर सिंगल यलोला (एकच पिवळी रेघ) उभं राहून किराणा गाडीत भरत होते तर तिकीट लागलं ते वेगळंच. — कोपऱ्यावरची"

अगं कोपऱ्यावरचे,

तुला ईमेलने उत्तर कधीच पाठवलंय, तारीख निघून जाऊ नये म्हणून. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण याच विषयावर मला या वर्षात आलेलं हे चौथं पत्र आहे, आणि चारही पत्रात व्हॉट्सअॅप ग्रुप आहे.

तो तयार ईमेल पाठवू नकोस. स्वतःचं वेगळं लिही. आणि लिहिताना हे बघ की कौन्सिलने एकाच लिफाफ्यात दोन वेगळ्या गोष्टी घातल्यात, कोपऱ्यावरची लाइन ही एक आणि परमिटची वेळ ही दुसरी, आणि तुमचा अख्खा ग्रुप दोन्हींना एकच दगड मारायला निघालाय. मला विचारशील तर लाइनला विरोध करू नकोस, वेळेला कर. आणि कडकडून कर.

आता तू म्हणशील बाई डोक्यावर पडलीय का, दारासमोरची लाइन हाच तर मेन प्रॉब्लेम. थांब, सांगते.

आमच्या रोडवर काही वर्षांपूर्वी हेच झालं. मीही पहिल्या दिवशी तुझ्यासारखीच पेटले होते. मग एका मंगळवारी, आमची बिन लॉरी, म्हणजे कचऱ्याची गाडी, मंगळवारी येते, मी खिडकीत चहा घेऊन उभी होते आणि लॉरी कोपऱ्यावर वळता वळता अडकली, कारण एक चंदेरी गाडी अगदी रस्त्याच्या तोंडाशी लावलेली. ड्रायव्हरने आधी दोन्ही आरसे आत दुमडले. मग त्यांचा एक माणूस खाली उतरून मागे गेला आणि स्वारगेटला कंडक्टर एसटी मागे घेतो ना, शिट्टीच्या तालावर, तसा हाताने 'या, या, बस्स' करत राहिला. पुढे-मागे, पुढे-मागे, सहा-सात वेळा झालं. शेवटी ड्रायव्हरने मान हलवली, लॉरी तशीच रिव्हर्स घेतली आणि निघून गेले. आमच्या बिनमध्ये रविवारच्या कोलंबीची सालं होती. जुलै महिना. पुढे काय झालं ते लिहीत नाही.

त्या संध्याकाळी मी ह्यांना टेपचं एक टोक धरायला लावलं (हे सबंध वेळ "लोक बघतायत" म्हणत होते) आणि रस्ता मोजला. कर्ब ते कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेपासून कडेपर्यंत, ७ मीटर १० सेंटिमीटर. गाडी आरशांसकट दोन मीटर धर, दोन्ही बाजूंना गाड्या म्हणजे चार मीटर गेले, मधे उरले ३ मीटर १०. बिन लॉरी अडीच मीटरच्या आसपास रुंद असते, म्हणजे सरळ जाताना कशीबशी जाते पण वळायला तिला शेपूट फिरवायला जागा लागते ती कोपऱ्यावरच लागते. आणि आगीच्या बंबासाठी इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशनच्या गाइडन्समध्ये कर्ब ते कर्ब निदान ३.७ मीटर रस्ता धरलाय. आमच्याकडे तीन दहा. बंबाला 'अंमळ थांबा, चंदेरी गाडीवाला सहाच्या ट्रेनने येईल' असं सांगता येत नाही ना. त्या दिवशी माझा लाइनचा विरोध संपला.

शिवाय तुझी जी जागा जातेय असं तुला वाटतंय ती मुळात जागा नव्हतीच. हायवे कोडचा, म्हणजे इथल्या रहदारीच्या नियमांच्या पुस्तकातला, २४३ नंबरचा नियम बघ, ड्रायव्हिंग थिअरीच्या वेळी घोकला असशील, जंक्शनपासून १० मीटरच्या आत गाडी लावू नका. लाइन असो नसो. १० मीटर म्हणजे अंदाजे दोन गाड्या. तिथे आज सगळे लावतात कारण कोणी अडवत नाही, एवढंच. म्हणजे विरोधात तू असं लिहिणार की "मी जिथे गाडी लावू नये तिथे मला लावता येणार नाही". ऑफिसर वाचून पुढच्या कागदाकडे वळेल.

पण एक बघ. पत्रासोबत प्लॅन असेल, नसेल तर वेबसाइटवर असेल, त्यावर लाइन किती मीटरची दाखवलीय ते शोध. कधी कधी ड्रॉइंग करणारा सढळ हाताने १५, १८ मीटर ओढून ठेवतो. तसं असेल तर "१० मीटर करा, बाकीच्यात परमिटची एक गाडी बसते" हे लिहायला अगदी योग्य आहे, आणि हे ऐकलं जातं कारण त्यात त्यांचंही काही जात नाही.

आता सासूबाई. डबल यलोचं कायद्यातलं नाव 'नो वेटिंग', म्हणजे गाडी तिथे ठेवून जायचं नाही. माणूस उतरवायला किंवा घ्यायला थांबता येतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला दारापर्यंत हात धरून नेऊन परत यायला लागणारा वेळही त्यात धरतात, फक्त सासूबाईंना आत बसवून चहा टाकायचा नाही, आधी गाडी काढायची. (शाळेसमोरच्या झिगझॅग रेघा आणि रेड रूट, म्हणजे लाल रेघांचे रस्ते, यांचे नियम वेगळे, तिथे हे लावू नकोस.) आणि आत्ता काय होतंय ते आठव, आत्ता तुझ्या दारासमोर सकाळी आठपासून कुणा परक्याची गाडी असते, तू सासूबाईंना कुठे उतरवणार आहेस? रस्त्याच्या मधोमध, मागे तीन गाड्या हॉर्न वाजवतायत? लाइन आली की दारासमोरची ती दहा मीटर चोवीस तास मोकळी. कोपऱ्यावरच्या घरांत सगळ्यात सुखी तुझ्या सासूबाई होणार आहेत. ब्लू बॅजचं (चालायला त्रास असणाऱ्यांसाठीचं पार्किंगचं कार्ड) विचारशील म्हणून सांगते, तो त्या त्या कौन्सिलच्या हद्दीत राहणाऱ्यांना मिळतो, सहा महिने व्हिजिटवर आलेल्यांनी त्यावर भिस्त ठेवू नये.

झालं लाइनचं. आता वेळ.

९ ते ५ हे मला पटत नाही. तुमचा त्रास कोणाचा आहे? ट्रेनवाल्यांचा. ट्रेनवाला सकाळी गाडी लावतो आणि दिवसभर लंडनला असतो, तो मधेच येऊन गाडी हलवू शकत नाही. म्हणून त्याला अडवायला अख्खा दिवस बंद करायची गरजच नाही, दिवसाच्या मधला एक तास बंद केला तरी पुरतं. सकाळी १० ते ११ म्हण किंवा दुपारी २ ते ३. इथे स्टेशनांजवळच्या कितीतरी रस्त्यांवर अशाच तासाभराच्या पाट्या आहेत, तू पाहिल्या असशील आणि हे काय खुळ्यासारखं असं वाटलं असेल, त्यामागे हे गणित आहे. पार्किंग तपासणाऱ्या वॉर्डनलाही त्या एका तासात फेरी मारली की झालं, कौन्सिलचाही माणूस वाचतो. आणि तुझ्याकडे प्लंबर आला, दुपारी मैत्रीण आली, बाळाला सांभाळणारी आली, तर तो तास चुकवला की परमिटच लागत नाही.

हेच तुझं मेन ऑब्जेक्शन. आणि हे मागायला सोपं का तर साधारण रीत अशी की जाहीर केलंय त्यापेक्षा कमी बंधन घालायचं असेल तर कौन्सिल तेवढा बदल करून पुढे जाऊ शकते, जास्त कडक करायचं असेल तर परत जाहिरात, परत नोटीस, परत सगळं पहिल्यापासून. म्हणजे तू त्यांना सोप्या दिशेला ढकलतेयस.

गणपतीचं मला हसू आलं, रागावू नकोस. अगं योजना सोमवार ते शुक्रवार आहे ना? चाळीस माणसं तुझ्याकडे बुधवारी सकाळी अकराला येतात का? इकडे सगळेच शनिवारी दर्शन ठेवतात, मग चतुर्थी कधीही असो, बाप्पालाही सवय झालीय. शनिवारी तुमचा रोड सगळ्यांना मोकळाच. मी तर म्हणते एक महिनाभर फ्रिजवर कागद लाव आणि सोमवार ते शुक्रवार ९ ते ५ मधे तुझ्याकडे गाडी घेऊन कोण कोण आलं ते लिही. नऊ दिवस आहेत तर नऊ दिवसांचं लिही. माझी खात्री आहे, यादी पाच गाड्यांच्या वर जाणार नाही. ही यादी ऑब्जेक्शनमधे घातलीस तर ग्रुपवरच्या "आमच्या कम्युनिटी लाइफवर घाला" वगैरेपेक्षा दहापट वजन येतं.

आता लिहायचं कसं. आधी पत्र नीट वाच, ते नुसतं 'तुमचं मत कळवा' टाइपचं आहे का खरी कायदेशीर नोटीस आहे. खरी असेल तर त्यात ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डर (रस्त्यावर बंधन घालणारा कौन्सिलचा कायदेशीर हुकूम) असे शब्द असतील, १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन अॅक्टचा उल्लेख असेल, एक रेफरन्स नंबर असेल, आणि तोच कागद तुमच्या लॅम्पपोस्टला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केबल टायने बांधलेला असेल, पावसाने आतून घाम आलेला. नोटीस निघाल्यापासून निदान २१ दिवस हरकतीला द्यावे लागतात, आणि हरकत लेखी हवी, कारणं दिलेली हवी. 'एक्सपेरिमेंटल' असा शब्द असेल तर प्रकार वेगळा, ती ऑर्डर आधी लागू होते, जास्तीत जास्त १८ महिने चालते आणि तिच्यावर पहिले सहा महिने हरकत घेता येते. तुझं वर्णन वाचून तरी पहिला प्रकार वाटतोय.

हरकत म्हणजे मतदान नव्हे. हे ग्रुपवर कोणाला कळत नाही. साठ जणांनी एकच ईमेल पाठवला तर रिपोर्टमधे "साठ हरकती, मुद्दा एकच" असं एका ओळीत येतं आणि त्याला एकच उत्तर दिलं जातं. एका माणसाने चार मुद्दे लिहिले तर चार उत्तरं द्यावी लागतात. रिपोर्ट लिहिणाऱ्या ऑफिसरच्या जागी बसून बघ, तू कशाला घाबरशील?

मजकूर असा ठेव, इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा बरंच असणार. पहिल्या ओळीत रेफरन्स नंबर आणि तुझा पत्ता. दुसऱ्या ओळीत सरळ, की जंक्शनवरच्या डबल यलोला माझा पाठिंबा आहे, लाइन १० मीटरची असावी. (पाठिंबाही लिहायचा असतो, लिहीत कोणी नाही. आणि लाइनला पाठिंबा देणारी बाई वेळेबद्दल तक्रार करतेय म्हटल्यावर ती नुसती किरकिर करणारी वाटत नाही.) मग, की ९ ते ५ या वेळेला माझी हरकत आहे, कारण नोटिशीसोबतच्या कारणांच्या कागदात तुम्ही स्वतः उद्देश ट्रेनवाल्यांचं पार्किंग थांबवणे असा दिलाय आणि तो एका तासाच्या बंधनाने साधतो. मग तुझी फ्रिजवरची यादी. मग दोन फोटो, एक सकाळी साडेसातचा आणि एक साडेआठचा, एकाच जागेवरून काढलेले. आणि शेवटी एक प्रश्न, की आमच्या रोडवर परमिट आलं की या गाड्या पलीकडच्या रोडवर जाणार, त्यांना विचारलंय का? हे तर हमखास होतं, पाणी जसं उतारावर जातं तशा गाड्या पुढच्या फुकट रस्त्यावर जातात आणि वर्षभरात तो रोडही परमिट मागतो.

काय लिहू नकोस: कौन्सिल टॅक्स भरतो, रोड टॅक्स भरतो, घराची किंमत पडेल. दोन्ही टॅक्समधे घरासमोरची जागा विकत मिळत नाही, हे त्यांनी हजार वेळा उत्तर दिलेलं आहे आणि कॉपी-पेस्ट तयार आहे. हे वाचलं की बाकीचंही त्याच नजरेने वाचतात. एक प्रत तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला पाठव, म्हणजे आपला नगरसेवक गं, आणि भेटायला वेळ माग. माझा अनुभव असा की ते भेटतात, कारण कोणी भेटायला येतच नाही.

आणि हे आत्ताच कर. एकदा ऑर्डर झाली की मग हायकोर्ट, तेही सहा आठवड्यांच्या आत, आणि तिथे 'मला पटत नाही' चालत नाही, कायद्याच्या बाहेर गेले किंवा प्रक्रिया चुकली हे दाखवावं लागतं.

तुझा नवरा म्हणतो पैसे काढायचेत. त्याला बार्नेटची गोष्ट सांग. उत्तर लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलने रहिवाशांच्या परमिटचे दर ४० पाउंडांवरून १०० केले आणि पाहुण्यांचं व्हाउचर १ पाउंडाचं ४ केलं, तर डेव्हिड अॅटफिल्ड नावाचे एक रहिवासी हायकोर्टात गेले आणि २०१३ मधे जिंकले. कोर्टाने सांगितलं की हा १९८४ चा कायदा महसूल गोळा करायचा कायदा नव्हे, पैसे काढायला म्हणून दर वाढवता येत नाहीत. म्हणजे नवऱ्याचा संशय अगदीच हवेतला नाही, पण "लिहून काही होत नाही" हे मात्र बरोबर नाही. पत्रात परमिटची फी किती, दुसऱ्या गाडीला किती, वर्षाला पाहुण्यांची व्हाउचर किती मिळणार हे नसेल तर तेही विचार. प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं, मैत्रिणीच्या कौन्सिलवरून अंदाज बांधू नकोस, तिथे दुसरी गाडी स्वस्त असेल आणि तुझ्याकडे दुप्पट.

आणि परमिट काढलं म्हणजे जागा मिळाली असं समजू नकोस. लोकलचा पास असतो ना, पास खिशात असला म्हणून डोंबिवलीला बसायला मिळतं का? तसंच आहे. गाडीत चढायचा हक्क मिळतो, सीट तुझी तू शोध. तुमच्या रोडवर घरं किती, दोन गाड्यांची किती आणि जागा किती हे एकदा मोजून बघ, कारण रात्री नऊला ट्रेनवाले नसतानाही रोड भरलेला असेल तर परमिटने काहीही सुटणार नाही, ती गर्दी तुमचीच आहे. हे कटू आहे, पण दुसरी गाडी खरंच रोज लागते का हेही एकदा दोघांनी बसून बोला.

एक बारीक गोष्ट, बऱ्याच मराठी घरात हे राहून जातं. परमिटला गाडीचं व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे लॉगबुक, याच पत्त्यावर असावं लागतं. घर बदलून दोन वर्षं झाली, पत्ता बदललायस का? डीव्हीएलएला (गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) पत्ता न कळवल्याचा दंड १,००० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि बदल ऑनलाइन फुकट होतो. आज रात्रीच कर. कंपनीची गाडी असेल तर ऑफिसचं पत्र लागतं, तेही आधी सांगून ठेव, एचआरवाले तीन आठवडे लावतात.

ड्राइव्हवे करावा असा विचार मनात येत असेल (येतोच), तर कोपऱ्यावरच्या घराला अवघड आहे. फुटपाथ उतरता करून घ्यायला परवानगी लागते आणि जंक्शनच्या इतक्या जवळ बऱ्याच कौन्सिल ती देत नाहीत. मिळाली तरी पुढच्या बागेत पाणी न मुरणारी फरशी ५ चौरस मीटरच्या वर घालायची आणि पाणी रस्त्यावर सोडायचं तर २००८ पासून प्लॅनिंग परमिशन लागते. त्यापेक्षा तिथे तुळस लाव.

तिकिटाचं थोडक्यात. तू ते भरलेलं नाहीस असं धरून चालते. आधी बघ ते कौन्सिलचं आहे ना, पेनल्टी चार्ज नोटीस (पीसीएन) असं लिहिलेलं. सुपरमार्केटच्या खाजगी पार्किंगवाल्यांच्या कागदावरही पीसीएनच लिहितात पण तो पार्किंग चार्ज, त्याची वाट वेगळी. कौन्सिलचं असेल तर लंडनबाहेर सिंगल यलोवरच्या चुकीला ६० किंवा ७० पाउंड, १४ दिवसांत भरलं तर निम्मे. सिंगल यलोवर सामान चढवायला-उतरवायला थांबता येतं, जर तिथे लोडिंगवर बंदी नसेल तर. बंदी असली तर कर्बच्या दगडावर पिवळ्या आडव्या रेघा असतात, एक रेघ म्हणजे ठरावीक वेळी बंदी, दोन म्हणजे कायमच. जाऊन फोटो काढ. रेघा नसतील तर आव्हान दे, आणि पावती जोड, कारण हातात मावणारी कोथिंबिरीची जुडी म्हणजे लोडिंग नाही पण २० किलो तांदूळ आणि १० किलो आटा दुकानातून गाडीपर्यंत नेणं हे लोडिंगच. १४ दिवसांच्या आत आव्हान दिलंस आणि त्यांनी फेटाळलं तरी बहुतेक कौन्सिल निम्म्याची सवलत परत देतात, त्यामुळे घाबरून आधी भरू नकोस, भरलं की केस बंद. फेटाळल्यावरही पटलं नाही तर घरी नोटीस टू ओनर येते, तिला २८ दिवसांत उत्तर द्यायचं, आणि त्यानंतर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल, म्हणजे अशा तिकिटांचं कौन्सिलबाहेरचं न्यायाधिकरण, फुकट, ऑनलाइन. पण तिथपर्यंत जायचं तर निम्म्याची सवलत सोडून पूर्ण रकमेची तयारी ठेव. कुठलाही कागद मात्र ड्रॉवरमधे टाकून विसरायचा नाही, त्यात रक्कम दीडपट होते.

उरले आजोबा.

कायद्याने बघशील तर ते चूक. रस्ता सगळ्यांचा, घरासमोरची जागा कोणाच्याच मालकीची नाही, कोन ठेवून अडवायचा हक्क कोणालाच नाही. तुझी नणंद बरोबर होती. पण तिने कोन हलवून गाडी लावली आणि रात्री मिल्टन कीन्सला निघून गेली, तुला मात्र तिथे राहायचंय. मला सांग, त्यांच्या घरी कोण कोण आहे तुला माहितीय? दोन वर्षांत कधी आत गेलीयस? कोन ठेवणारी म्हातारी माणसं मी तीन बघितलीत आणि तिघांचं कारण एकच होतं, स्वतःला नीट चालता येत नाही किंवा घरात कोणीतरी आजारी आहे आणि गाडी लांब लावली तर परत यायची हिंमत नाही. तसं असेल तर त्यांच्यासाठी ब्लू बॅजचा अर्ज करता येतो, ते इथले रहिवासी आहेत, आणि बॅज मिळाला तर कौन्सिलकडे दारासमोर डिसेबल्ड बे, म्हणजे अपंगांसाठी आखलेली जागा, मागता येतो. फॉर्म ऑनलाइन आहे, त्यांना तो जमत नसेल, तुला सहज जमेल. आणि नसेल काही आजार-बिजार, नुसता खडूसपणा असेल, तर परमिट आलं की सकाळच्या गाड्या जातील आणि कोनाची गरजही जाईल. दोन्ही बाजूंनी ते तुझ्याच पार्टीत आहेत, त्यांना अजून माहीत नाही एवढंच.

तर उद्या सकाळी, साडेसातच्या फोटोनंतर, टेप घेऊन बाहेर जा आणि त्यांची बेल वाजव. रस्ता मोजायचाय, दुसरं टोक धराल का म्हणावं. ह्यांच्यापेक्षा नीट धरतील.